धडधाकटांचं दार

आमच्या दवाखान्याला दोन दारं होती. पुढचं रस्त्याकडे उघडायचं, त्यातून आजारी माणसं येत. दुसरं बाजूच्या बोळात उघडायचं, आणि ते ज्यांना काहीही झालेलं नाही अशांसाठी होतं. डॉक्टरांनी ते भिंत फोडून मुद्दाम करून घेतलं होतं. धडधाकट पोरांना टोचायला बोलवायचं आणि खोकणाऱ्या माणसांच्या मांडीला मांडी लावून बसवायचं, हे त्यांना पटत नसे. विचार उत्तम होता. अडचण एवढीच, की पुढच्या दाराशी सकाळपासून रीघ लागायची आणि बोळातल्या दाराशी मी एकटा बसायचो.

हे लिहून मागणाऱ्या संपादकांना दवाखान्यातल्या गमती हव्या आहेत. गमती सगळ्या पुढच्या दाराने यायच्या. त्या आमच्या कंपाउंडरने लिहायला हव्या होत्या, पण तो बिचारा आता राहिला नाही. माझ्या वाट्याला बोळातलं दार आलं, तेव्हा मी त्याचंच सांगणार.

मी देवी टोचणारा. पगाराच्या कागदावर व्हॅक्सिनेटर, पेठेत 'देवीवाला'. महाराज गादीवर येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. कोल्हापुरात प्लेगाची धास्ती, खेड्यांतून पटकी, आणि अधूनमधून देवीची फेरी असे ते दिवस होते. मुलांना टोचून घ्यावं असा दरबारचा हुकूम होता आणि आमच्या दवाखान्यात त्याची सोय केली होती. प्लेगाच्या दिवसांत आम्ही त्याचीही सुई देत असू, आडात लाल औषध सोडत असू, उंदीर पडला की घर सोडा म्हणून सांगत हिंडत असू. म्हणजे काम सगळं, काही होऊ नये याचं. 'गरज सरो, वैद्य मरो' म्हणतात. वैद्याला निदान गरज असेपर्यंत तरी मान असतो. आमची गरज कोणाला वाटायचीच नाही.

टोचणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. रेडकाच्या पोटावरचे केस काढून तिथे देवीची एक सौम्य जात लावतात. फोड आले की त्यातला रस खरवडून घेतात. ती लस. नस्तराने मुलाच्या डाव्या दंडावर बारीक ओरखडे काढायचे आणि ती त्यात चोळायची. रक्त नुसतं दिसलं पाहिजे, वाहता कामा नये. सगळं कसब तेवढंच. मग फोड उठतो, दंड सुजतो, ताप येतो, पोर किरकिर करतं. पुढे खपली धरते. खपली पडली की खाली वण राहतो आणि त्या पोराला देवीची भीती राहत नाही. प्रत्येक टोचणाऱ्याचे वण निराळे असतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. माझे चौकोनात, वर दोन आणि खाली दोन, पण सगळे एका अंगाला कललेले असत, कारण मी डावखुरा. अजून रस्त्यात कोणाचा उघडा दंड दिसला तर माझी नजर आधी तिथे जाते. तोंडं मला लक्षात राहिली नाहीत.

मी बोळातून निघालो की दारं लागायची. आया पोरांना ओढून आत घ्यायच्या. रडणाऱ्या पोराला गप्प करायला माझं नाव पुरे व्हायचं. एखाद्या ओट्यावर टेकलो आणि पाणी मागितलं तर पाणी यायचं, पण घरातल्या म्हाताऱ्याच्या हातून, आणि दार मागे लोटून घेतलेलं असायचं.

घरीही निराळं नव्हतं. मी शिरोळकडचा, जैन शेतकऱ्याच्या घरातला. माझ्या पाठची बहीण देवीत गेली, म्हणून मी या कामात आलो. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, ते पटलं नाही. मुलगी देवीने नेली हे तिने सोसलं. मुक्या रेडकाचं पोट मुलगा खरवडतो हे मात्र तिला सोसवलं नाही. गावी गेलो की उंबऱ्याबाहेरच ती म्हणायची, "मगा, हात धू, आत ये." मगा म्हणजे लेका. धुऊन आलो की माझ्या हाताकडे बघायची आणि पुन्हा धुवायला पाठवायची. थोरल्या बहिणीने, अक्काने, एकदा माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. मुलीच्या वडिलांनी काम काय म्हणून विचारलं, मी सांगितलं, आणि ते समोरचा गूळ न खाता उठले. पुन्हा कोणी विचारलं नाही, मीही नाही. गावी जाणं हळूहळू सुटलं. घरचा एक नेम तेवढा ठेवला, दिवस मावळल्यावर जेवायचं नाही. एकट्या माणसाला कुठलातरी नेम लागतो.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. त्या वर्षी हिवाळ्यात मलकापूरकडून बातमी आली की तिकडे देवी उठल्यात. डॉक्टर काळजीत पडले. चैत्रात जोतिबाची यात्रा. सगळा मुलूख डोंगरावर गोळा होणार आणि उतरताना गुलालाबरोबर देवीही घरोघर नेणार. त्याच्या आत निदान आपली पेठ तरी टोचून झाली पाहिजे, असं त्यांनी मला बजावलं. बोलणं सोपं होतं. पेठेतलं एकही पोर माझ्या दाराशी येत नव्हतं, आणि त्याचं कारण होतं तालीम.

आमच्या पेठेत डॉक्टरांपेक्षा तालमीतल्या वस्तादाच्या शब्दाला वजन. त्यांना सगळे आबा वस्ताद म्हणत. उंचापुरा माणूस, तोंडभर देवीचे वण. त्यांचं म्हणणं असं की दंडाला नस्तर लागलं की त्यातून बळ गळतं, तो हात पुन्हा पकडीला येत नाही. हा समज कोल्हापुराबाहेर मी कुठे ऐकला नाही. इथे मात्र प्रत्येक बापाला आपलं पोर पैलवान होणार याची खात्री, त्यामुळे प्रत्येक दंड मोलाचा. वस्तादांनी स्वतःच्या मुलाला, म्हादूला, टोचलं नव्हतं. म्हादू आठ-नऊ वर्षांचा असेल. त्याला टोचलं नाही म्हणून पेठेतल्या कोणालाच टोचलं नाही.

शेवटी मीच तालमीत गेलो. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत तेल आणि ताक मुरलेल्या तांबड्या मातीचा वास. कोनाड्यात मारुती. वस्तादांनी मला उभंच ठेवलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

"पावणं," ते म्हणाले, "दंड म्हंजे पैलवानाचं घर. आपल्या घराला भोक पाडून कोन घेतं?"

मी यात्रेचं बोललो, मलकापूरचं बोललो. त्यांनी अंगरखा काढून डावा दंड माझ्यापुढे केला.

"असं करूया. आदी मला टोचा. ह्यो दंड ढिला पडला न्हाय, तर म्हादूला घिऊन येतो. आन् त्याच्या मागनं पेठंतली समदी पोरं."

तालमीतली पोरं गोळा झाली. माझ्या पिशवीत लस होती, नस्तर होतं. मी त्या दंडाकडे बघितलं आणि मग त्यांच्या तोंडावरच्या वणांकडे. ज्याला एकदा देवी येऊन गेल्या त्याला टोचलं तर बहुधा काहीच उठत नाही. फोड नाही, ताप नाही, सूज नाही. म्हणजे मी टोचलं असतं तर पैज मी आधीच जिंकली होती. चार दिवसांनी वस्तादांनी दंड थोपटून दाखवला असता आणि पेठ माझ्या दाराशी आली असती.

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पण मग म्हादू तापला असता, आणि वस्तादांनी विचारलं असतं, मला काही झालं नाही, मग पोराला का? आणि दुसरंही होतं. त्या माणसाने स्वतःच्या दृष्टीने आपलं घर माझ्यापुढे उघडं केलं होतं. माझ्यापुढे आजवर कोणी काही उघडं केलं नव्हतं.

"वस्ताद," मी म्हणालो, "तुम्हाला टोचून उपयोग नाही. तुम्हाला देवी येऊन गेल्यात, आता काही उठायचं नाही. म्हादूला मात्र ताप येईल, दंड सुजेल, दुखेल, आणि काही दिवस त्याला मातीत उतरता येणार नाही."

पोरं हसली. असा विक्रेता त्यांनी कधी बघितला नसेल. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी अंगरखा घातला आणि "बरं, जावा आता," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. खरं बोलायला गावात कीर्तनकार आहेत, तुझं काम टोचायचं, असं म्हणाले. ते पुढच्या दाराशी निघून गेले आणि मी बोळातल्या दाराशी जाऊन बसलो. लस उन्हाने बिघडते, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या नळ्या माठाशेजारी ठेवायच्या आणि दाराकडे बघत बसायचं. बरेच दिवस असे गेले. मलकापूरकडची बातमी आता पन्हाळ्याच्या पायथ्याशी आली होती.

आणि एके सकाळी दारात अंधार झाला. आबा वस्ताद वाकून आत येत होते. मागे म्हादू.

"आजवर जो आला त्यो म्हनला, काय हुत न्हाय," वस्ताद म्हणाले. "काय हुत न्हाय म्हननाऱ्याचा डाव मला कळत न्हाय. तुमी ताप येनार म्हनलासा. मी घरात म्हनलं, हे मानूस डाव आदी सांगून मग हात घालतंय." मग बोट वर करून म्हणाले, "पर खपली पडंस्तोवर रोज तालमीत येऊन बसायचं. पोराला काय झालं तर पळायचं न्हाय."

टोचताना म्हादूने हात आखडला, त्यामुळे खालचा एक ओरखडा जरा लांबला. रडला नाही. त्याच संध्याकाळी वस्तादांनी मला तालमीत नेलं. कोणी पोराची जबाबदारी घेतली की आखाड्याची माती कपाळाला लावायची, असा तिथला रिवाज. मी चपला बाहेर काढल्या आणि माती लावली.

पुढचे काही दिवस मला नीट झोप लागली नाही. दंड नेहमीपेक्षा जास्त सुजला. ताप चढला आणि उतरेना. तालमीच्या मागेच वस्तादांचं घर, तिथे म्हादू घोंगड्यावर पडलेला. मी कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होतो, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. असा ताप मी पुष्कळ पाहिला होता. उतरतो हे माहीत होतं, तरी पट्टी सुकायच्या आत दुसरी भिजवायचो. वस्ताद दाराशी पाठ करून बसले होते. बाहेर पैलवान मंडळी जमलेली. या एका पोराचं बरंवाईट झालं असतं तर चैत्रात सगळी पेठ उघड्यावर पडली असती, हे मला कळत होतं. माझं काय झालं असतं तो विचार नंतर सुचला. म्हादूची आई इतके दिवस माझ्यासमोर आली नव्हती. ती चुलीपासून उठून आली.

"जगंल न्हवं?" तिने विचारलं.

"जगेल," मी म्हणालो. तिने मान हलवली आणि पुन्हा भाकरी थापायला बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हादूला घाम फुटला, अंग निवलं आणि त्याने खायला मागितलं.

त्यानंतरचे दिवस हे माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस. म्हादूला मातीत उतरायची बंदी आणि मला रोज येऊन बसायची अट. म्हणून आम्ही दोघं बिनकामाची माणसं मारुतीच्या कोनाड्याखालच्या दगडावर शेजारी शेजारी बसायचो आणि दुसऱ्यांच्या कुस्त्या बघायचो. तो मला डाव शिकवायचा. ढाक कुठली, कलाजंग कुठली, हा आता चितपट होणार बघा. मी त्याला रेडकाच्या गोष्टी सांगायचो. पहिल्या दिवशी तो मला देवीवालं म्हणाला, मग केव्हातरी मामा म्हणायला लागला. मी गेलो की वस्तादांच्या घरून दुधाचा पेला यायचा, तोही म्हादूची आई स्वतः आणून द्यायची. तालमीतल्या माणसांना माझी यायची वेळ माहीत झाली. जरा उशीर झाला तर विचारत. ते माझ्या दृष्टीने केवढं होतं हे सांगायला गेलो तर हसाल.

"मामा, तुमची पोरं कंच्या तालमीत जात्यात?" म्हादूने एकदा विचारलं.

मी म्हणालो, मला पोरं नाहीत.

तो म्हणाला, "मग खपली पडली तरी आमच्याच तालमीत या की."

टोचणाऱ्याने मनात आणू नये अशी गोष्ट माझ्या मनात आली. खपली जरा उशिरा पडावी असं वाटलं. पण ती काय माझं ऐकते! एके दिवशी गेलो तर म्हादू दंड उघडा टाकून दारातच उभा होता. खाली गुलाबी कोवळं कातडं, चार वण, त्यातला एक लांबट. वस्तादांनी त्याच्याकडून माझ्यादेखत जोर काढून घेतले, दंड दाबून बघितला, आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी दोन पावलं पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी बोळात पोरंच पोरं. बाप, आया, आज्या, कडेवरची, हाताला धरलेली, पळून जाताना पकडून आणलेली. डॉक्टर पुढचं दार सोडून माझ्या मदतीला आले. चैत्र उजाडायच्या आत पेठेतलं एकही पोर टोचायचं राहिलं नाही.

मधे एकदा उसंत मिळाली तसा मी तालमीत गेलो. आमच्या दगडावर दुसरे कोणी पाहुणे बसले होते. म्हादू मातीत होता, एका थोराड पोराच्या पायाखाली डोकं अडकलेलं. त्याने मला बघितलंही नसेल. वस्तादांनी मात्र बघितलं आणि हाक मारली, "या की. काय काम काडलासा?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. तालमीत माणूस कामाशिवाय येत नाही. मी म्हणालो, काही नाही, इकडून चाललो होतो. पाणी पिऊन निघालो आणि पुन्हा गेलो नाही. एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं, असं कोणी म्हणेल. ज्याला जायला शंभर घरं आहेत त्याने म्हणावं.

यात्रेनंतर देवी आल्याच. शेजारच्या पेठांत घरात देवी आल्याची खूण म्हणून दारोदार लिंबाचे डहाळे लागले, देवीला चालत नाहीत म्हणून फोडण्या बंद झाल्या, आणि पंचगंगेच्या काठावर लहान लहान खड्डे पडले. आमच्या पेठेत डहाळा लागला नाही. लोक म्हणाले, आईनं राखलं. आषाढात नदीला नवं पाणी आलं तेव्हा पेठेने मोठ्या थाटात ते टेकडीवरच्या टेंबलाई देवीला वाहिलं. डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका, पी-ढबाकाचं, म्हणजे पिपाणी-ढोलाचं, वाजप, सगळ्यांच्या पुढे आबा वस्ताद, त्यांच्या खांद्यावर म्हादू. मिरवणुकीच्या शेपटाला मी चालत होतो. देवळात मीही हात जोडले. श्रेय तिला मिळालं तर मिळालं. तिने तरी ते कधी मागितलं होतं?

पुढे बरीच वर्षं टोचलं. राधानगरीच्या पावसात टोचलं, जोतिबाच्या पायऱ्यांवर बसून टोचलं. पुढच्या दाराने बरे होऊन गेलेले लोक डॉक्टरांना नारळ आणून देत, पोराचं नाव सांगत, पाया पडत. मला देवी आल्या नाहीत, असं सांगायला बोळातल्या दाराने कोणी आलं नाही. येणार तरी कसं? जे झालंच नाही त्याची आठवण कोण ठेवणार? हे डोक्याला कळतं. डॉक्टर वारल्यावर त्यांच्या मुलाने ते दार विटा घालून बंद केलं आणि तिथे औषधांचं कपाट ठेवलं. माझी जवळची नजरही तोवर अधू झाली होती.

महाराजांनी खासबागेत कुस्त्यांचं मोठं मैदान बांधलं त्याच्या आसपासची गोष्ट. भिंतींवर मोठ्या अक्षरांत कुस्त्यांची नावं चिकटवत, त्यात वाचलं, म्हादू, आबा वस्तादांचा चिरंजीव. वस्ताद तेव्हा हयात नव्हते. मी काठी टेकत गेलो. एका भल्या माणसाने म्हातारा बघून पुढे जागा दिली. समोरचा पैलवान पंजाबचा, भिंतीसारखा. सगळं मैदान पकडी बघत होतं, मी डावा दंड बघत होतो. मातीने माखलेला होता, तरी मला दिसला, चौकोन आणि त्यातला तो एक लांबट वण. कुस्ती फार वेळ चालली. शेवटी म्हादूने त्याच डाव्या हाताने बगल भरली, पंजाबी पैलवानाची पाठ मातीला लागली, आणि मैदानात कान फुटतील एवढी ओरड झाली.

मी ओरडलो नाही. माझी नजर अजून त्या दंडावरच होती. शेजारचा म्हणाला, "पावणं, तुमचा कोन लागतो काय?" मी काठी धरून उठलो.

कुस्ती मारली की पैलवान मैदानाला फेरी घालतो आणि लोक बक्षीस देतात, पाठ थोपटतात. म्हादू आमच्या रांगेसमोरून चालला. उजव्या हातात काठी होती, म्हणून मी डावा हात पुढे केला. तो थांबला. माझा अंगठा बरोबर त्या वणांवर पडला. त्याने माझ्याकडे बघितलं. घामाने डोळे चुरचुरत असतील, लोक मागून ढकलत होते.

"आशीर्वाद असू द्या, पावणं," तो म्हणाला, नमस्कार केला आणि पुढे गेला.

त्यात त्याची काही चूक नाही. घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता. कंदील लावला तेव्हा दिसलं, डाव्या अंगठ्याला तांबडी माती लागली होती. अव्वा असती तर उंबऱ्यातूनच परत पाठवलं असतं. पण दिवस मावळून गेला होता, म्हणजे त्या दिवशीचं जेवण चुकलंच होतं. आणि जेवायचंच नाही म्हटल्यावर हात धुवायचंही कारण नव्हतं.